अंतर्देशीय जलवाहतुकीतील कारकीर्द : खलाशी ते मास्टर

बंगळुरू : पठारावर वसलेल्या बंगळुरूला पिण्याचे पाणी कावेरी पुरवते, परंतु नदीवरचा रोजगार या शहराच्या परिचयाचा नाही. राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ नंतर देशात घोषित जलमार्गांची संख्या १११ झाली. या यादीत कर्नाटकातील काळी, शरावती आणि नेत्रावती आहेत. कावेरीची उपनदी कबिनी आहे. बेळगाव परिसरातील मराठी वाचकांच्या ओळखीच्या घटप्रभा आणि मलप्रभा याही आहेत. मात्र यादीत नाव येणे आणि त्या पात्रातून मालाने भरलेले बार्ज चालणे या निराळ्या गोष्टी होत. बार्ज किंवा टगबोटीवर कारकीर्द करू इच्छिणाऱ्या तरुणाला या शहरातून पश्चिमेकडे, गोव्याच्या मांडवी-जुवारीकडे किंवा रायगड जिल्ह्यातील अंबा नदीकडे पाहावे लागते.

बार्ज म्हणजे सपाट तळाचे, उथळ पाण्यात चालणारे मालवाहू जलयान. काही बार्जना स्वतःचे इंजिन असते. ज्यांना ते नसते त्यांना टगबोट दोराने ओढते किंवा मागून ढकलते. ओढल्या जाणाऱ्या बार्जचे शेपूट वळणावर भरकटते. ढकलताना टग आणि बार्ज घट्ट बांधलेले असल्याने सगळा ताफा एकाच यानासारखा वळतो. म्हणून नद्यांवर ढकलण्याची पद्धत अधिक रूढ आहे. अमेरिकेतील मिसिसिपी नदीवर एकेक बोट पंधरा आणि त्याहून अधिक बार्ज अशाच रीतीने नेते. गोव्यातील खनिजवाहू बार्ज बहुतांशी स्वयंचलित असून त्यांची क्षमता साधारण एक ते अडीच हजार टन असते.

गोव्यात या व्यवसायाचा पाया लोहखनिजाने घातला. आमोणे, सावर्डे अशा नदीकाठच्या धक्क्यांवर खनिज बार्जमध्ये भरावयाचे, ते मांडवी किंवा जुवारीतून मुरगाव बंदरात न्यावयाचे आणि तेथे ते मोठ्या जहाजांत चढावयाचे, अशी ही साखळी होती. पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटू लागल्या की तो मार्ग धोक्याचा ठरतो. अशा वेळी मांडवी आणि जुवारी यांना जोडणारा सुमारे १७ किलोमीटरचा कुंभारजुवे कालवा उपयोगी पडतो. आज तो राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २७ आहे. मांडवी ६८ व्या आणि जुवारी १११ व्या क्रमांकावर आहे.

या मार्गांवरचे काम घड्याळापेक्षा भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर चालते. भरलेला बार्ज उथळ जागेवरून भरतीतच पार होतो; ती हुकली तर पुढच्या भरतीपर्यंत नांगर टाकून थांबावे लागते, मग मध्यरात्र असो वा पहाट. डेकवरच्या खलाशाकडे दोर, नांगर, मालकक्षाची झाकणे, पाण्याची खोली मोजणे आणि अनुभव येईल तसे सुकाणू धरणे ही कामे असतात. इंजिनकक्षातील माणूस तेलपाणी, जनित्र आणि तळाशी साचणारे पाणी उपसणारे पंप सांभाळतो. रात्री समोरून येणाऱ्या यानाचा लाल दिवा डावी बाजू दाखवतो आणि हिरवा उजवी. त्यामुळे रंग अचूक ओळखणारी दृष्टी ही या नोकरीची पहिली अट आहे. पोहता येणेही तितकेच आवश्यक.

धोके मात्र वादळापेक्षा नित्याच्या कामांतच अधिक दडलेले असतात. ताणलेला दोर तुटून उलटा फिरला तर तो हाडे मोडतो. बार्ज आणि धक्का यांच्या फटीत पाय घसरला तर सुटकेला वाव नसतो. बंद टाकीत लोखंड गंजताना हवेतील प्राणवायू शोषला जातो, त्यामुळे तपासणी न करता आत उतरणारा माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. लोहखनिजाची भुकटी अतिओली असेल तर हेलकाव्यांनी ती चिखलासारखी वाहू लागते आणि यान कलते. २००९ मध्ये मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ हे लोहखनिज वाहणारे जहाज बुडाले, ते याच प्रकारच्या मालाने. नव्या खलाशाला या गोष्टी पहिल्याच आठवड्यात कोणी समजावून सांगितल्या की नाहीत, यावरून मालकाची पारख करावी.

प्रवेशासाठी प्रशिक्षण हा रीतसर मार्ग आहे. भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाची स्थापना १९८६ मध्ये झाली. त्याची राष्ट्रीय अंतर्देशीय नौकानयन संस्था २००४ पासून पाटण्यात आहे. गोव्यात बंदर कप्तान खात्याची सागरी शाळा ब्रिटोना येथे चालते. प्राथमिक अभ्यासक्रमानंतर उमेदवार खलाशी म्हणून रुजू होतो आणि ठरावीक काळाची सेवा नोंदवून परीक्षा देतो. डेकच्या शाखेत सारंग, दुसऱ्या व पहिल्या वर्गाचा मास्टर अशी परंपरागत चढण आहे; इंजिनच्या शाखेत ड्रायव्हर आणि पुढे अभियंता. सेवेची नोंद हीच येथे खरी पुंजी असते. ती वेळच्या वेळी, सही-शिक्क्यानिशी करून न घेणाऱ्याला वर्षानुवर्षांचा अनुभव परीक्षेच्या अर्जात दाखवता येत नाही.

१९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला. पूर्वी राज्याराज्यांत नियमांचा जो फरक होता तो त्याने मिटवला; यानाची नोंदणी देशभर ग्राह्य झाली आणि कर्मचाऱ्यांच्या पात्रतेची किमान मानके केंद्राने ठरवावीत अशी तरतूद झाली. तथापि या कायद्याची हद्द पाण्यावर आखलेली आहे. अंतर्देशीय प्रमाणपत्र समुद्रगामी जहाजासाठी चालत नाही. त्यासाठी नौवहन महासंचालनालयाच्या चौकटीतील प्रशिक्षण आणि सेवापुस्तिका लागते. नदीवर काही वर्षे काढून पुढे परदेशी जहाजावर जाऊ, असा हिशेब करणाऱ्यांची निराशा येथेच होते. २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळात बुडालेला पी-३०५ तराफाही बार्जच होता, पण तो खोल समुद्रातील तेलक्षेत्रावर होता. शब्द एक असला तरी कायदा, जोखीम आणि वेतनाची रचना वेगळी.

या व्यवसायाची खरी परीक्षा गोव्यात झाली. २०१०-११ च्या सुमारास तेथून वर्षाला सुमारे पाच कोटी टन खनिज निर्यात होत होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. एप्रिल २०१४ मध्ये मर्यादा घालून परवानगी मिळाली, परंतु ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले आणि १६ मार्चपासून काम पुन्हा बंद पडले. बार्ज नदीत नांगरून राहिले, अनेक भंगारात गेले. प्रमाणपत्र असलेले अनुभवी मास्टर आणि ड्रायव्हर एकाच मालावर अवलंबून होते. माल थांबला तेव्हा त्यांच्या कौशल्यात काही उणे नव्हते, तरी हाताला काम उरले नाही. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीतील खाण पुन्हा सुरू झाली.

देशपातळीवर चित्र वाढीचे आहे. राष्ट्रीय जलमार्गांवरील मालवाहतूक २०१३-१४ मध्ये सुमारे १.८ कोटी टन होती; २०२४-२५ मध्ये ती १४.५ कोटी टनांवर गेली. महाराष्ट्रात अंबा नदी हा जलमार्ग क्रमांक १० असून धरमतर खाडीतून डोलवीच्या पोलाद प्रकल्पासाठी कोळसा आणि लोहखनिज बार्जने येते. येथेही मोठा ग्राहक मोजका आहे, हे ध्यानात घेणे बरे. नोकरी स्वीकारण्यापूर्वी बार्ज कोणता माल वाहतो, पावसाळ्याच्या महिन्यांत वेतन चालू राहते का, विमा कोणाच्या नावे आहे आणि सेवेचा दाखला कोण देणार, हे चार प्रश्न उमेदवाराने लेखी विचारावेत.