कार्बनची फ्रेम : ग्रॅमचा हिशेब आणि त्यापलीकडचे

शर्यतीच्या सायकलच्या कोणत्याही माहितीपत्रकात फ्रेमचे वजन सर्वांत ठळक अक्षरांत छापलेले असते. आठशे ग्रॅम, सातशे ग्रॅम, आता तर सहाशेच्याही आत. ऐंशीच्या दशकात पोलादी नळ्यांची शर्यतीची फ्रेम पावणेदोन ते दोन किलोची असे. हे लक्षात घेतले तर आजची कार्बनची फ्रेम तिच्या तुलनेत एक तृतीयांश वजनाची झाली आहे. मात्र दोन फ्रेम्सची तुलना करताना हा एकच आकडा पुरेसा ठरत नाही, किंबहुना अनेकदा तो दिशाभूलही करतो. कार्बनची फ्रेम हलकी होते कशी, त्यासाठी मोबदला काय द्यावा लागतो आणि तुलना नेमकी कोणत्या निकषांवर करावी, हे समजून घेतले तरच त्या आकड्याला अर्थ येतो.

तंतू, राळ आणि दिशा

कार्बनचा तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक, सुमारे पाच ते सात मायक्रॉन जाडीचा असतो. असे हजारो तंतू समांतर मांडून ते इपॉक्सी राळेत भिजवले जातात व त्यांचे पातळ पट्टे तयार केले जातात. हे पट्टे ठरलेल्या आकारात कापून, एकावर एक थर देत साच्यात बसवतात. आतून फुग्याने दाब आणि बाहेरून उष्णता दिली की राळ घट्ट होते आणि फ्रेमचा भाग तयार होतो. एका फ्रेमसाठी असे शेकडो तुकडे लागतात आणि ते बसवण्याचे काम आजही मुख्यतः कारागिरांच्या हातांनीच होते.

धातू सर्व दिशांना सारखाच ताठर असतो. कार्बनचा तंतू मात्र फक्त आपल्या लांबीच्या दिशेने ताठर असतो. त्यामुळे नळीच्या लांबीला समांतर बसवलेले थर वाकण्याला विरोध करतात, पंचेचाळीस अंशांत तिरके बसवलेले थर पिळाला विरोध करतात आणि आडवे थर नळी चेपण्यापासून वाचवतात. जिथे ताण अधिक तिथे थर अधिक, जिथे कमी तिथे कमी, अशी काटकसर पोलादात किंवा अॅल्युमिनियममध्ये इतक्या बारकाईने करता येत नाही. कार्बनच्या हलकेपणाचे खरे कारण इथे आहे. घनतेचा फायदा वेगळाच : पोलादाची घनता दर घनसेंटीमीटरला ७.८ ग्रॅम, अॅल्युमिनियमची २.७ तर कार्बनच्या मिश्रणाची सुमारे १.६ ग्रॅम असते.

ताठरपणा म्हणजे मजबुती नव्हे

फ्रेम्सच्या जाहिरातींत 'हाय मोड्युलस' हा शब्द हमखास आढळतो. मोड्युलस हे ताठरपणाचे माप आहे, मजबुतीचे नव्हे. जपानच्या टोरे कंपनीच्या तंतूंचे उदाहरण घेतले तर टी-७०० या तंतूचा मोड्युलस २३० गिगापास्कल, टी-८०० चा २९४, तर एम-४०-जे या तंतूचा ३७७ गिगापास्कल आहे. तंतू जितका ताठर, तितके कमी थर देऊन हवा तो कणखरपणा मिळतो आणि वजन घटते. पण टी-७०० तुटण्यापूर्वी सुमारे २.१ टक्के ताणला जातो, एम-४०-जे केवळ १.२ टक्के. म्हणजेच अधिक ताठर तंतू अधिक ठिसूळही असतो. त्यामुळे कोणतीही जबाबदार कंपनी संपूर्ण फ्रेम एकाच उंची तंतूची बनवत नाही. ताठरपणा हवा तिथे एक आणि आघात सोसायचा तिथे दुसरा, अशी सांगड घातली जाते. 'आमची फ्रेम अमुक तंतूची' या दाव्यातून फारसे काही कळत नाही, ते याच कारणाने.

वजन घटवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे नळी रुंद करून तिची भिंत पातळ करणे. नळीचा व्यास वाढला की ताठरपणा झपाट्याने वाढतो. पण हलक्या फ्रेम्समध्ये ही भिंत काही ठिकाणी एक मिलिमीटरहूनही पातळ असते. पायडलचा जोर आणि खड्ड्यांचे हादरे सोसणारी हीच नळी हँडल गर्रकन फिरून आदळल्यास किंवा दगडाचा टोकदार मार बसल्यास तडकू शकते.

चार दशकांची वाटचाल

कार्बनच्या फ्रेमला प्रतिष्ठा मिळाली ती १९८६ मध्ये. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने त्या वर्षीची 'टूर द फ्रान्स' फ्रेंच कंपनी 'लुक'च्या कार्बन फ्रेमवर जिंकली. त्या फ्रेमच्या नळ्या कार्बनच्या, तर सांधे अॅल्युमिनियमचे होते. त्याच वर्षी अमेरिकेतील 'केस्ट्रेल'ने सांध्यांविना घडवलेली कार्बनची फ्रेम बाजारात आणली. १९९२ मध्ये 'ट्रेक'ने थरांमधील हवेच्या पोकळ्या कमी करणाऱ्या पद्धतीने १.११ किलोची फ्रेम तयार केली.

तरीही कार्बन नाजूक असतो, हा समज कायम होता. तो खोडून काढण्यास इटलीच्या 'कोल्नागो'च्या १९९४ च्या सी-४० या फ्रेमचा मोठा हातभार लागला. फ्रँको बॅलेरिनीने १९९५ मध्ये 'पॅरिस-रुबे' ही दगडी फरशांच्या रस्त्यांवरची शर्यत याच फ्रेमवर जिंकली, आणि पुढच्या वर्षी तर पहिले तिन्ही क्रमांक याच फ्रेमवरील 'मापेई' संघाच्या सायकलपटूंनी पटकावले. सी-४० तिच्या काळातही सर्वांत हलकी नव्हती, पण ती विश्वासाची होती.

त्यानंतर ग्रॅमची चढाओढ सुरू झाली. २०११ मध्ये 'कॅननडेल'ने सुपरसिक्स इव्हो ही फ्रेम ६९५ ग्रॅमची असल्याचे जाहीर केले. २०१३ मध्ये 'सर्व्हेलो'ची आरसीए ६६७ ग्रॅमवर आली. २०१४ मध्ये 'ट्रेक'ने ६९० ग्रॅमची एमोंडा एसएलआर आणली आणि तिच्यावर उभारलेली संपूर्ण सायकल अवघ्या ४.६५ किलोची भरली. २०२० मध्ये 'स्पेशलाइज्ड'ने डिस्क ब्रेकसाठी बनवलेली एथॉस ही फ्रेम तर ५८५ ग्रॅमची होती. वारा कापण्यासाठी केलेले चपटे आकार तिच्यात टाळले आहेत. नळ्या गोलसर ठेवल्याने भार सगळीकडे सारखा वाटला जातो आणि ठिकठिकाणी जादा थर द्यावे लागत नाहीत, हे त्यामागचे तत्त्व.

६.८ किलोची भिंत

या चढाओढीला शर्यतीच्या मैदानावर मात्र मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने, म्हणजे यूसीआयने, शर्यतीतील सायकलचे वजन ६.८ किलोपेक्षा कमी असू नये, असा नियम २००० पासून लागू केला. यंत्रापेक्षा माणसाची कसोटी लागावी ही भूमिका १९९६ च्या लुगानो जाहीरनाम्यात मांडली गेली होती आणि हा नियम त्याच विचारातून आला. ४.६५ किलोची सायकल त्यामुळे यूसीआयच्या शर्यतीत उतरूच शकत नाही. पुढे फ्रेम्स हलक्या होत गेल्या तेव्हा काही संघांवर सायकलला मुद्दाम वजन जोडण्याची वेळ आली.

ही मर्यादा गाठणे सोपे झाल्यावर संशोधकांनी वाचलेले ग्रॅम दुसरीकडे खर्च करण्यास सुरुवात केली. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने जाताना सायकलपटूची बहुतांश शक्ती हवेचा अडथळा मोडण्यात जाते. नळ्यांचा आकार वाऱ्याला अनुकूल केला तर थोडे वजन वाढूनही एकूण लाभच होतो. २०१८ पासून डिस्क ब्रेकना कायमची परवानगी मिळाली आणि त्यांचेही वजन त्यात मिळाले. परिणामी 'चढाची' व 'वाऱ्याची' अशा दोन वेगळ्या सायकली ठेवण्याची प्रथा मागे पडू लागली. 'स्पेशलाइज्ड'च्या २०२० च्या टारमॅक एसएल-७ ची फ्रेम ८०० ग्रॅमची होती, तर २०२३ च्या एसएल-८ ची ६८५ ग्रॅमची. 'ट्रेक'ने २०२४ मध्ये एमोंडा बंद करून मॅडोनमध्येच दोन्ही गुण एकत्र केले. या नव्या मॅडोनची फ्रेम ७९६ ग्रॅमची, म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या एमोंडापेक्षा शंभर ग्रॅमने जड आहे. तरीही ती मागे टाकलेले पाऊल मानली जात नाही.

अर्ध्या किलोचे मोल

हलकेपणाचा लाभ नेमका किती, हे साध्या हिशेबाने ताडून पाहता येते. ७० किलोचा सायकलपटू आणि ८ किलोची सायकल, असे ७८ किलो घेऊन आल्प द्युएझचा १३.८ किलोमीटरचा चढ एका तासात चढायचा आहे, असे समजू. अर्धा किलो वजन घटले तर एकूण भार ०.६४ टक्क्याने कमी होतो. चढावर बहुतेक शक्ती गुरुत्वाकर्षणाविरुद्धच लागत असल्याने वेळ साधारण वीस सेकंदांनी वाचतो. शंभर ग्रॅमचा लाभ जेमतेम चार सेकंदांचा. व्यावसायिक शर्यतीत चार सेकंदही मोलाचे ठरतात, पण हौशी सायकलपटूने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली सोबत नेली की अर्ध्या किलोची बचत भरून निघते.

अंतर फार मोठे असेल तर गणित आणखी बदलते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात, तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी २०१७ मध्ये एकट्याने अमेरिका ओलांडणारी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. सुमारे पाच हजार किलोमीटरच्या अशा प्रवासात शंभर-दोनशे ग्रॅमपेक्षा पाठीला सोसणारी बैठक आणि हादरे पचवणारी फ्रेम यांना अधिक महत्त्व येते.

तुलना करताना

दोन फ्रेम्सची वजने शेजारी ठेवण्यापूर्वी ती एकाच मापाची आहेत का, हे पाहणे आवश्यक असते. बहुतेक कंपन्या ५४ किंवा ५६ मापाच्या फ्रेमचे वजन जाहीर करतात आणि मोठ्या मापाची फ्रेम साहजिकच जड भरते. जाहीर केलेल्या वजनात रंग धरला आहे का, हेही तपासावे, कारण रंगाच्या थरांमुळेच शंभर ग्रॅमपर्यंत फरक पडू शकतो. बोल्ट, सीटची पकड, गिअर अडकवण्याचा हुक हे सुटे भाग कोणी धरते, कोणी वगळते. पुढचा चिमटा त्यात जवळजवळ कधीच नसतो आणि तो तीनशे ते चारशे ग्रॅमचा असतो.

वजनानंतर ताठरपणा. पायडलचा आस बसतो तो बॉटम ब्रॅकेटचा भाग आणि हँडलखालची हेड ट्यूब या दोन ठिकाणी फ्रेम किती लवते, यावर तिचा प्रतिसाद आणि उतारावरची स्थिरता अवलंबून असते. जर्मनीचे 'टूर' हे नियतकालिक प्रयोगशाळेत अशी मोजमापे घेत आले आहे. कंपनीच्या दाव्यापेक्षा अशा त्रयस्थ चाचण्या अधिक भरवशाच्या. फ्रेम सुरक्षिततेच्या आयएसओ ४२१० या मानकाच्या कसोटीला उतरलेली असावी. शर्यतीत उतरायचे असेल, तर २०११ पासून सुरू झालेले यूसीआयच्या मान्यतेचे चिन्हही तिच्यावर असायला हवे. नामांकित कंपन्यांच्या हुबेहूब नकली फ्रेम्सही बाजारात मिळतात. आतले थर डोळ्यांना दिसत नसल्याने अशी स्वस्त खरेदी जिवावर बेतू शकते.

निगा आणि धोके

अॅल्युमिनियमला पोचा पडतो, पोलाद वाकते. कार्बन मात्र वरून धड दिसूनही आतून थरांत सुटलेला असू शकतो. पडझडीनंतर फ्रेम बारकाईने पाहणे, नाण्याने हलकेच ठोकून आवाजातील बदल ऐकणे हा प्राथमिक उपाय आहे, पण तो अंतिम नव्हे. शंका असल्यास अल्ट्रासाउंड तपासणी करून घ्यावी. तडा गेलेली फ्रेम कुशल कारागिराकडून दुरुस्त होऊ शकते. तपासणीपूर्वी मात्र ती रस्त्यावर नेऊ नये. जुनी फ्रेम घेतानाही हीच दक्षता हवी.

बोल्ट आवळण्यासाठी टॉर्क पाना वापरावा. सीटच्या पकडीवर बहुधा पाच न्यूटन-मीटरच्या आसपासची मर्यादा लिहिलेली असते आणि अंदाजाने अधिक आवळल्यास नळी चिरडते. दुरुस्तीच्या स्टँडवर सायकल आडव्या नळीला पकडून टांगू नये. घाम आणि समुद्रकाठची खारी हवा यांच्यामुळे कार्बनला टेकलेले अॅल्युमिनियमचे भाग गंजून आतच जाम होतात. सीटचा दांडा वर्षातून काही वेळा काढून पुसणे त्यासाठी हिताचे.

फ्रेम निवडताना आधी अंगाला नेमके बसणारे माप, मग सुरक्षितता व ताठरपणाच्या चाचण्या, त्यानंतर आपल्या रस्त्यांना लागणाऱ्या रुंद टायरसाठी पुरेशी जागा आणि शेवटी वजन, असा क्रम ठेवणे श्रेयस्कर. पहिल्या तीन निकषांवर दोन फ्रेम्स समसमान ठरल्या, तर अवश्य हलकी निवडावी.