गळ्यातल्या ओळखपदकाची कुळकथा

वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात, पोहरादेवीस रामनवमीची यात्रा भरते, तेव्हा तांड्यातांड्यांतून लोटलेल्या त्या जनसमुदायात एखादी वृद्धा आपल्या माणसांपासून दुरावली आणि विस्मृतीच्या विकाराने तिला स्वतःचे गावही सांगता येईना, तर तिला घरी पोचवायचे कसे? वऱ्हाडातल्या जुन्या बायांच्या हातांवर गोंदलेली हिरवट नावे पाहिली, की या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्याकडे पूर्वापार होते असे वाटते. नाव होते; पत्ता मात्र नव्हता. सरकारी शिपायाच्या पट्ट्यावरची पितळी चपरासही अंगावर वागवलेली ओळखच, पण ती हुद्द्याची, माणसाची नव्हे.

अडचणीतल्या माणसासाठी बोलणाऱ्या पदकाचा आधुनिक वंश अमेरिकेत सुरू झाला. कॅलिफोर्नियातल्या टर्लॉक गावी 1953 साली डॉक्टर मॅरियन कॉलिन्स यांच्या मुलीला धनुर्वाताच्या प्रतिविषाची जिवावर बेतणारी बाधा झाली. तेव्हा ती बाहेर निघाली की आईबाप तिच्यासोबत कागदावर लिहिलेली सूचना देत, आणि त्या कागदाचेच पुढे कोरीव अक्षरांचे चांदीचे कडे होऊन 1956 मध्ये ‘मेडिकअॅलर्ट’ ही संस्था उभी राहिली.

दुसरा वंश जपानी कारखान्यातला. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी म्हणून डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी 1994 साली क्यूआर कोड सिद्ध केला. यंत्राला तो कोणत्याही कोनातून तत्क्षणी ओळखता यावा यासाठी त्यांनी नियतकालिके, जाहिराती, खोकी असे छापील साहित्य धुंडाळून काळ्या-पांढऱ्याचे सर्वांत दुर्मीळ प्रमाण शोधले; 1:1:3:1:1 हे ते प्रमाण, आणि तीन कोपऱ्यांतले ते चौकोन त्याचेच. शिवाय चिन्हाचा सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी मजकूर वाचता येईल अशी तजवीज त्यात करता येते. घामाने आणि घर्षणाने झिजणाऱ्या पदकाला याहून मोठे वरदान कोणते?

हे दोन्ही वंश मुंबईत एकत्र आले, तेही भटक्या कुत्र्यांच्या निमित्ताने. अक्षय रिडलान या तरुण अभियंत्याने 2023 साली मुंबई विमानतळाबाहेरच्या 20 कुत्र्यांच्या गळ्यांत क्यूआर कोडची ओळखपत्रे बांधली, आणि त्याच कल्पनेतून विस्मृतिग्रस्त वृद्धांसाठी व विशेष मुलांसाठी ‘प्रोजेक्ट चेतना’चे क्यूआर कोड असलेले पदक निघाले. त्याच वर्षी सप्टेंबरात वरळीतून हरवलेला, बसने कुलाब्याकडे पोचलेला 12 वर्षांचा विशेष मुलगा, पोलिसांनी त्याच्या गळ्यातले पदक मोबाइलने वाचताच काही तासांत घरी पोचला.

संकटात दाबायची कळ किंवा पडल्याचे ओळखणारे घड्याळ ही साधने मला कमी मोलाची वाटत नाहीत. परंतु कळ दाबायला स्मरण लागते, घड्याळाला वीज लागते, आणि यात्रेत चुकलेल्या आजीकडे यांपैकी काहीही असेलच असे नाही. हे पदक तिच्याकडून काहीच मागत नाही. मोबाइल लागतो तो तिला भेटणाऱ्या परक्या माणसाकडे, आणि तो आज तांड्यावरही असतो. राज्याच्या ‘मुख्यमंत्री वयोश्री योजने’त 65 वर्षांवरील गरजूंना साहाय्यक साधनांसाठी एकरकमी 3,000 रुपये मिळतात, चष्मा, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर, गुडघ्याचा पट्टा यांची नावे तिच्या यादीत आहेत, या पदकाचे नाही. ते त्या यादीत दाखल करावे आणि पोहरादेवीच्या पुढल्या यात्रेपूर्वी जिल्हा प्रशासनाने ते तांड्यांवर वाटावे, असे मला मनापासून वाटते.