घर नको, पेटी दिसू दे

घोडागाडीच्या मागच्या फळीवर बसा, पण त्या लाकडी खोक्याला टेकू नका. आत साडेसहा बाय साडेआठ इंचांच्या काचा आहेत. आणि या वाटेला वाट म्हणायचं ते गवतातून दोन चाकोऱ्या गेल्यात म्हणूनच.

साल १८८७. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्याच्या ऐन मधली कस्टर काउंटी. लगाम धरून बसलेला एकतीस वर्षांचा माणूस सॉलोमन बुचर. १८८०मध्ये बापाबरोबर इथे आला, जमीन घेतली आणि थोड्याच दिवसांत कंटाळला. मग डॉक्टरकी शिकायला गेला, तीही सोडली. गेल्या वर्षापासून या एका काउंटीचा सचित्र इतिहास लिहायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलंय. गाडीसुद्धा बापाचीच. असल्या माणसांना गावात उंडग्या म्हणतात आणि शंभर वर्षांनी त्यांच्या नावाचं दालन उघडतात.

काउंटी म्हणजे आपला तालुका समजू नका. ही एकटी काउंटी गोव्याच्या पावणेदोन पटींहून मोठी आहे. उत्तरेला गवताने कशीबशी धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या, बाकी पिवळसर मऊ मातीची पठारं, आणि त्या मातीत पाण्याने कापलेल्या, भिंतीसारख्या उभ्या घळी. झाड शोधू नका. असलंच तर एखाद्या घळीत. मिडल लूप आणि साउथ लूप या इथल्या नद्या. लूप म्हणजे फ्रेंचमध्ये लांडगा. फ्रेंच व्यापाऱ्यांनी हे नाव पॉनी लोकांच्या स्किडी शाखेवरून दिलं. स्किडी स्वतःला लांडग्यांचे म्हणवत. नाव राहिलं, पॉनींची मात्र दहा-बारा वर्षांपूर्वीच दक्षिणेकडे, आजच्या ओक्लाहोमात रवानगी झाली. १८७६मध्ये लकोटा आणि शायान लोकांशी लढताना सेनाधिकारी कस्टर मारला गेला आणि पुढच्याच वर्षी या प्रदेशाला त्याचं नाव लागलं. मुख्य गावाची गोष्ट निराळीच. सुचवलेली नावं टपाल खातं नाकारत होतं, तेव्हा मूळ रहिवाशांच्या जुन्या तळावर सापडलेला धनुष्याचा तुकडा एका गावकऱ्याला आठवला. गावाचं नाव पडलं ब्रोकन बो, मोडकं धनुष्य.

उतरा. डाव्या हाताला नांगर चाललाय, तो आवाज ऐका. जाड कापड टराटरा फाडावं तसा. कधीच न नांगरलेल्या गवताची मुळं तुटतायत. फाळामागून फूटभर रुंद, चार इंच जाड पट्टी उलटत येते. कुदळीने तिचे तीन-तीन फुटांचे तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली करून विटांसारखे रचायचे. इथले लोक याला हसत हसत नेब्रास्काचा संगमरवर म्हणतात. लाकूड नाही, दगड नाही, मग माणूस करणार काय?

आत चला, वाका. भिंतीला तळवा लावून पाहा. दोन-तीन फूट जाड, थंडगार, आणि बोटांना मुळांची केसांसारखी टोकं लागतात. खिडकी इतकी खोल की तिच्या कोनाड्यात एक मूल निवांत बसेल. वर मांजरपाट ताणून बांधलाय. छतही मातीचंच, त्यातून माती, किडे, क्वचित साप खाली पडतो, तो झेलायला. माळवदाच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे घर कळेल: उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, आणि पाऊस लागला की बाहेर थांबल्यावरही आत गळतच राहणारं. चुलीजवळच्या ढिगाकडे पाहून नाक मुरडू नका. रानशेण्या आहेत. आधी बायसनच्या मिळत, आता गुरांच्या.

बाहेर गडबड उडालीय. घरमालकीण हिल्टनबाईंना फोटो हवाय, पण या मातीच्या घराचा नाही. पूर्वेकडच्या ओळखीच्या लोकांना तो पाठवायचा आहे, आणि आपण ढेकळांत राहतो हे त्यांना कळलेलं बाईंना खपणार नाही. घरात पायांनी भाता हलवून वाजवायची पेटी आहे. ती दिसलीच पाहिजे. मग काय? ओढा पेटी अंगणात! एक कोपरा तुम्ही धरा. जड आहे, आणि दार अरुंद. पेटी उघड्यावर येते, कुटुंब तिच्याभोवती उभं राहतं, मागे जनावरं, घर चौकटीबाहेर. बुचर कापडाखाली डोकं घालतो.

मला या बाईंचं कधी हसू आलं नाही.

बुचरच्या चित्रांत सगळेच असं काहीतरी अंगणात आणतात. गेल्या वर्षी सार्जंटजवळच्या रॉडिंग कुटुंबाने टेबल बाहेर मांडून कलिंगड कापून ठेवलं. मागे उतारावर चरणारी गाय फोटोत नेमकी घराच्या छपरावर उभी दिसते! क्रिसमन घराण्यातल्या चौघी बहिणी घरापुढे ओळीने उभ्या राहिल्या. सरकारी कायद्याने १६० एकर मिळतात, पाच वर्षं राहून कसायची अट, आणि बिनलग्नाच्या बाईलाही अर्ज करता येतो. थोरल्या बहिणींनी आपापल्या नावावर जमिनी घेतल्या आणि एकटं राहायला नको म्हणून आळीपाळीने एकमेकींकडे मुक्काम करायच्या. वेस्टरव्हिलजवळ जेरी शोअर्स भेटेल, गुलामीतून सुटलेला. त्याचा सख्खा भाऊ मोझेस स्पीझ शेजारीच राहतो. भावांची आडनावं वेगळी, कारण मालक वेगळे होते.

आता थोडं पुढे सरका. १२ जानेवारी १८८८. सकाळ इतकी सौम्य की मुलं पातळ कपड्यांत शाळेला गेलीत. आणि मग वायव्येकडून पिठासारखं बर्फ असं येतं की हातभर अंतरावरचं दिसत नाही. शेजारच्या व्हॅली काउंटीत शाळेचं छप्पर उडालं आणि मिनी फ्रीमन या तरुण बाईंनी मुलांना जवळच्या घरी सुखरूप नेलं. माळरानावर इतरत्र दोनशेहून जास्त माणसं गेली. इथे थांबू नका, कपडे पुरणार नाहीत.

१८९४, जुलैचा शेवट. झळा सुटल्यात, मका उभ्या जागी करपलाय. शंभरावं रेखावृत्त याच काउंटीच्या पश्चिम भागातून जातं. त्याच्या पलीकडे पाऊस वीस इंचांखाली येतो आणि कोरडवाहू पिकाचा भरवसा संपतो. माणदेशी माणसाला हे समजावायला नको. पण राज्याच्या विद्यापीठातले प्राध्यापक सॅम्युअल ऑघी सांगून गेले होते की जमीन नांगरली की पाऊसही वाढतो. ‘नांगरामागे पाऊस येतो’ हे वाक्य १८८१मध्ये छापून आलं आणि जमिनी विकणाऱ्यांना आणखी काय हवं होतं? रस्त्याकडे पाहा, गाड्या पूर्वेला परत निघाल्यात.

१८९९मध्ये बुचरचं घर जळालं. टिपणं गेली, काचा धान्याच्या कोठारात होत्या म्हणून वाचल्या. १९०१मध्ये एका सधन पशुपालकाच्या पैशाने पुस्तक निघालं. बुचर प्रामाणिक इतिहासकार होता असं मी म्हणणार नाही. जुने प्रसंग माणसं उभी करून परत घडवायचा, काचेवर हाताने चित्रंही काढायचा. आज त्या काचा लिंकन शहरात राज्याच्या संग्रहात आहेत. या शतकात त्या बारकाईने स्कॅन झाल्या, तेव्हा शंभर वर्षं नुसती काळी दिसणारी दारं संगणकावर उजळली आणि आतलं सामान दिसू लागलं. लोकांनी झाकलेलं सगळं नाही, पण काही बाहेर आलं.

आज कस्टर काउंटीत पिकापेक्षा गुरं जास्त डोळ्यांत भरतात, आणि विमानातून फिरत्या तुषारनळ्यांची गोल गोल हिरवी शेतं. १९२०मध्ये सव्वीस हजारांवर माणसं होती. २०२०च्या जनगणनेत १०,५४५. मातीची घरं बहुतेक मातीत मिळाली.

पण तुम्ही परत या. १८८७, हिल्टनांचं अंगण. काच खोक्यात गेली, बुचर घोडे जुंपतोय. पश्चिमेला ढग चढलाय आणि पेटी अजून उघड्यावर आहे. बाईंनी झाकण पदराने, म्हणजे एप्रनने पुसलंय. तुमचा कोपरा उचला. दारातून आत नेताना डोकं वाकवा, आणि उजवी बाजू जपून. मघाशी तिथली माती थोडी ढासळलीय.