महासहा, माघ्य, हयमारक

थंडीवारा सोसणाऱ्या झाडाला हल्ली नर्सरीत 'हार्डी' म्हणतात. या गुणाचा आपल्याकडचा जुना शब्द महासहा, म्हणजे फार सोसणारी. अमरकोशात तो कोरांटीच्या कुळाला दिला आहे. शेजारीच दुसरं नाव आहे, अम्लान, न कोमेजणारी. तांबड्या फुलांचा तो कुरबक, पिवळ्यांचा तो कुरंटक, असा रंगभेदही तिथे आहे. मराठीनं कुरंटकाची कोरांटी केली आणि रंगभेद मोडून पिवळी, पांढरी, जांभळी अशा सगळ्यांना तेच नाव दिलं. सातारा-सांगलीच्या अंगणात पाऊस सरला की कोरांटी धरते आणि मार्गशीर्ष-पौषात, इतर झाडं गप्प असताना, कुंपण भरून फुलते. पिवळीच्या पानांच्या बेचक्यात लांब काटे असतात, त्यामुळे राखणही होते.

कुंदाच्या तर नावातच महिना आहे. अमरकोश त्याला माघ्य म्हणतो, माघात फुलणारा. मुद्गरावरून आलेला मोगरा याच जातकुळीतला, पण तो उन्हाळ्याचा. थंडीत फुलं हवीत म्हणून मोगऱ्याला पाणी घालत बसण्यात अर्थ नाही.

कण्हेरीचा प्रवास मला सगळ्यांत लोभस वाटतो. मूळ शब्द करवीर. बाराव्या शतकात हेमचंद्रानं आपल्या प्राकृत व्याकरणात या एका शब्दासाठी सूत्र लिहिलं, की यातल्या 'र'चा 'ण' होतो. करवीरचा कणवीर झाला आणि पुढे झिजत कण्हेर. साताऱ्याजवळ वेण्णेवरच्या धरणाचं नावही कण्हेरच. जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत, थंडीत नि उन्हात, हे झुडूप सारखंच तग धरतं. पण अमरकोशातलं त्याचं आणखी एक नाव विसरू नये: हयमारक, घोडा मारणारा. मुळापासून फुलापर्यंत कण्हेर विषारी आहे.

महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दहिवर गोठतं, तिथला हिशेब वेगळा. तिथल्या बागांतल्या हायड्रेंजियाला मराठी नाव मिळालेलं नाही. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पाण्याचं भांडं, आणि झाडाची तहानही तेवढीच. सांगलीच्या उन्हात ते नेऊ नये.

घाटाखालच्या घरांसाठी माझा कौल कोरांटी आणि कुंदाला. कण्हेर लावायची तर लहान मुलं आणि जनावरं पोहोचणार नाहीत अशी जागा बघा, आणि छाटलेल्या फांद्या गोठ्याकडे टाकू नका.