पिंजऱ्यांतील साक्षीदार

एकच अन्न खाऊन नराच्या व मादीच्या देहांत सारखाच विकार होतो काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांनीं प्रयोगशाळेंतील मुक्या प्राण्यांना विचारला आहे. त्या साक्षीदारांवर किती भिस्त ठेवावी, याविषयींचा थोडासा इतिहास आज सांगावयाचा आहे.

१९१३ सालीं रशियांत अनिच्कोव्ह व खलातोव्ह यांनीं सशांना सूर्यफुलाच्या तेलांत विरघळविलेलें कोलेस्टेरॉल खाऊं घातलें, तेव्हां सशांच्या धमन्यांत मेदाचे थर सांचले. उंदरांच्या धमन्यांचें मात्र तशा आहारानें सहसा कांहींच बिघडेना! पुढें १९५० नंतर शिकागो येथें कॅट्झ, स्टॅम्लर व पिक यांनीं नर कोंबड्यांना असाच आहार देऊन सोबत स्त्रीदेहांतील इस्ट्रोजेन हा स्राव दिला. त्यांच्या हृदयाच्या धमन्या बचावल्या. महाधमनी मात्र बिघडलीच. पुरुषांच्या मानानें बायकांना हृदयविकार उशिरां कां गांठतो, याचें उत्तर हातीं आलें असें अनेकांस वाटलें. मग अमेरिकेंत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांनाच हें औषध देऊन पाहण्यांत आलें. मोठी मात्रा १९७० मध्यें आणि लहान मात्रा १९७३ मध्यें बंद करावी लागली, कारण लाभ दूरच राहून अपाय दिसूं लागला. कोंबड्यानें खोटें सांगितलें नव्हतें. त्यानें कोंबड्यापुरतें सांगितलें होतें.

आतां आपल्या शहराकडे येऊं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत १८९६ च्या अखेरीस हाफकिन यांनीं प्लेगची लस सिद्ध केली, ती सशांवर पारखली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या शेवटीं भायखळ्याच्या तुरुंगांतील कैद्यांना ती दिली गेली. (कैदी स्वेच्छेनें पुढें आले असें म्हणतात, तुरुंगांतील इच्छा कितीशी मोकळी असते, हें ज्याचें त्यानें ठरवावें.) ही प्रयोगशाळा १८९९ मध्यें परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेली व १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊं लागली. अन्न व स्त्रीदेह यांचें मुंबईंतील प्रकरण याच वास्तूंत घडलें.

१९२८ सालीं डॉ. लूसी विल्स मुंबईस आल्या. गिरणगांवांतील गरीब बायका गर्भारपणांत पांढऱ्याफटक पडत आणि कित्येक दगावत. त्यांच्या रक्तांतील तांबड्या पेशी संख्येनें थोड्या, पण आकारानें मोठ्या असत. विल्सबाईंनीं आधीं या बायकांच्या चुली पाहिल्या. कोणत्या समाजांतील कोणती बाई काय खाते, याची त्यांनीं डॉ. तळपदे यांच्यासह नोंद केली. फळें व भाजीपाला यांचें दुर्भिक्ष गरीब मुसलमान बायकांत सर्वांत अधिक होतें, आणि रोगही त्यांच्यांतच अधिक होता.

नंतर तसल्याच निकस अन्नावर पांढऱ्या उंदरांच्या माद्या पोसल्या. गाभण माद्या रक्तक्षय होऊन विण्यापूर्वींच मेल्या. अन्नांत यीस्ट मिसळलें, तेव्हां वांचल्या. एवढ्यावर दुसरा कोणी विजयाचा डंका पिटता. पण या उंदरांना उवा झाल्या होत्या, आणि उवांवाटे पसरणारा बार्टोनेला हा जंतु स्वतःच रक्तक्षय घडवितो, असें आढळलें. साक्षच डागाळली! या सबंध हकीकतींत मला हा उवांचा भाग फार मोलाचा वाटतो. केवळ उंदरांवर विसंबून राहिलें असतें तर सारें मुसळ केरांत जातें. परंतु चुलींची नोंद पदरीं होती, आणि तिला उवा लागल्या नव्हत्या.

मग माकडांवर प्रयोग झाले. निकस आहारानें त्यांनाही मोठ्या पेशींचा रक्तक्षय झाला. इकडे रुग्णालयांतील बायकांना यीस्टचा अर्क, म्हणजे इंग्रज लोक पावाला लावून खातात तो काळा, खारट मार्माइट देण्यांत आला. बायका भराभर सुधारल्या, आणि १९३१ मध्यें विल्सबाईंनीं तें प्रसिद्ध केलें. काळजाचा शुद्ध केलेला अर्क दुसऱ्या एका घातक रक्तक्षयावर रामबाण ठरला होता. या रोगावर तो चालेना, मार्माइट चाले. अर्थात् यांतील गुणकारी द्रव्य निराळें होतें. कित्येक वर्षें त्याला नुसतें विल्स-घटक म्हणत. १९४१ मध्यें पालकाच्या पानांतून फोलिक आम्ल वेगळें केलें गेलें आणि १९४५ मध्यें तें प्रयोगशाळेंत तयार झालें. तेंच हें द्रव्य. आज सरकारी दवाखान्यांत गर्भवतीच्या हातीं लोहाची गोळी पडते, तिच्यांत तें असतें.