‘आघाडी’ची उपपत्ती आणि सह्याद्रीचा पाऊस

उष्ण व शीत वायुराशी समोरासमोर आल्या असता सहसा मिसळत नाहीत. जड शीत हवा तळाशी शिरते, हलकी उष्ण हवा वर चढते आणि पाऊस पडतो. समशीतोष्ण चक्रवातांतील अशा सीमा याकोब ब्यर्कनेस यांनी १९१९ साली दाखविल्या. पुढे बर्गेनच्या अभ्यासकांनी महायुद्धाच्या रणभूमीवरून त्यांस ‘आघाडी’ हे नाव दिले. १९२८ साली भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यास आले. त्यानंतरच्या दशकात ही उपपत्ती मोसमी पावसासही लावून पाहण्यात आली. परंतु मोसमी प्रवाहांत तापमानाचा तसा तीव्र भेद नसतो. कसारा घाटाच्या पायथ्याजवळील खर्डीस आषाढात पाऊस कोसळतो, तेव्हा आर्द्र हवेस वर लोटण्यात मोठा वाटा सह्याद्रीच्या भिंतीचा असतो. हवेचे उत्थापन तेच. कारण मात्र निराळे. उपपत्ती स्वीकारताना तिची जन्मभूमीही तपासावी लागते, ती यासाठीच.