इंजिन बांधलं, तरी पुन्हा ठोकायला लागलं! टर्बो गाडीचं बेअरिंग वारंवार का जातं?

गाडी गरम झाली की इंजिनाच्या खालच्या भागातून 'टक टक टक' असा जड आवाज यायला लागतो. आरपीएम वाढला की आवाजाची गती वाढते. मिस्त्री कान लावून ऐकतो आणि सांगतो, "बिग एंड गेलं." मग इंजिन उतरतं, क्रँक घासायला जातो, नवीन बेअरिंग पडतात आणि मोठं बिल होतं. काही हजार किलोमीटर झाले की तोच आवाज पुन्हा ऐकू येतो.

पहिल्यांदा बेअरिंग गेलं तर गाडीचं वय, उशिरा बदललेलं ऑइल अशी साधी कारणं असू शकतात. दुसऱ्यांदा गेलं, तर मूळ कारण दुरुस्तीच्या वेळी इंजिनातच राहिलं असं धरून चालावं. घरातला फ्यूज रोज उडत असेल तर फ्यूज बनवणाऱ्याला कुणी दोष देत नाही, वायरिंग तपासतात. इथेही तसंच आहे. नवीन बेअरिंग खराब निघण्याचे प्रकार फार थोडे असतात.

हे बेअरिंग असतं तरी कसं?

बेअरिंग म्हटलं की छर्ऱ्यांचं, गोल फिरणारं बेअरिंग डोळ्यांसमोर येतं. गाडीच्या इंजिनात क्रँकशाफ्टवर तसलं काही नसतं. तिथे दोन अर्धगोल पातळ पत्रे असतात, त्यांना शेल म्हणतात. पाठ पोलादाची आणि आतल्या बाजूला ॲल्युमिनियम-कथील किंवा तांबं-शिसं अशा मऊ धातूंचा थर. कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथे धरतो तिथलं ते बिग एंड बेअरिंग आणि क्रँक ब्लॉकमध्ये जिथे टेकतो तिथलं मेन बेअरिंग.

शेल आणि क्रँक यांच्यात जागा किती असते? मेकॅनिक लोकांचा जुना ठोकताळा असा, की क्रँकच्या व्यासाच्या साधारण एक हजारावा भाग. म्हणजे ५० मिलिमीटरच्या क्रँकला सुमारे ०.०५ मिलिमीटर, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. या फटीत ऑइल भरतं. क्रँक फिरताना ते ऑइल स्वतःबरोबर ओढून घेतो, ऑइलची पाचर तयार होते आणि क्रँक त्या पाचरीवर अक्षरशः तरंगतो. भार पेलण्याचं काम ही पाचर करते. ऑइल पंपाचं काम फक्त फटीत ऑइल पोचवत राहणं. सगळं नीट चाललं तर धातूला धातू जवळपास लागतच नाही, म्हणून हीच बेअरिंग काही लाख किलोमीटर टिकतात.

टर्बोने काय बदलतं?

टर्बो जास्त हवा कोंबतो, जास्त इंधन जळतं, पिस्टनवरचा दाब वाढतो. तो सगळा दाब कनेक्टिंग रॉडमधून त्या ऑइलच्या पापुद्र्यावर येतो. शिवाय टर्बोची स्वतःची बेअरिंगही इंजिनाच्याच ऑइलवर चालतात, आणि टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो. म्हणजे एकच पंप, एकच ऑइल, पण उष्णता जास्त आणि काम दुप्पट.

गाडी 'खेचली' म्हणजे हाय आरपीएमला पळवली, म्हणूनच बेअरिंग गेलं, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. पाचर तयार होते ती क्रँकच्या वेगामुळे. आरपीएम कमी असेल तर पाचर पातळ असते. वरच्या गिअरमध्ये १५००-२००० आरपीएमला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि टर्बोने त्याच वेळी पूर्ण बूस्ट दिला, तर सगळ्यात मोठा दाब सगळ्यात पातळ पापुद्र्यावर येतो. रिमॅप केलेल्या गाड्या नेमक्या इथेच भरपूर टॉर्क देतात, आणि मालकाला तेच आवडतं.

जगभरातल्या टर्बोप्रेमींमध्ये या बाबतीत सगळ्यात बदनाम झालेलं इंजिन म्हणजे सुबारूचं २.५ लिटर ईजे२५ टर्बो. अमेरिकेत ते डब्ल्यूआरएक्स एसटीआय या गाडीत २००४ पासून २०२१ मॉडेलपर्यंत होतं. हे बॉक्सर इंजिन आहे, म्हणजे पिस्टन समोरासमोर आडवे. चारही रॉडना क्रँकवर स्वतंत्र जागा लागते आणि दोन रॉडच्या मध्ये मेन बेअरिंगही बसवावं लागतं. ब्लॉक मात्र आखूड. त्यामुळे बेअरिंगची रुंदी कमी ठेवावी लागते आणि चुकीला जागा कमी उरते. स्टॉक अवस्थेत नीट सांभाळलेली अशी इंजिनं भरपूर चालली आहेत. बूस्ट वाढवून, ऑइलची पातळी न बघता चालवलेली मात्र लवकर बसली.

जुनं बेअरिंग भंगारात टाकू नका

वारंवार बेअरिंग जाण्याचा तपास सुरू होतो तो उतरवलेल्या शेलपासून, आणि बहुतेक गॅरेजमध्ये नेमके तेच कचऱ्यात जातात. प्रत्येक शेल कोणत्या सिलिंडरचा, रॉडच्या बाजूचा की कॅपच्या बाजूचा, हे पाठीवर मार्करने लिहून, सगळे ओळीने मांडून फोटो काढला तर निम्मं निदान तिथेच होतं.

बारीक ओरखडे आणि मऊ थरात रुतलेले चकाकणारे कण दिसले तर ऑइलमध्ये कचरा किंवा धातूचा कीस होता. थर वितळून पुसल्यासारखा झाला असेल आणि पोलादी पाठ निळी-काळी पडली असेल, तर ऑइल पोचलंच नाही. पृष्ठभागावर चिरा पडून थराचे तुकडे निघाले असतील तर भार सहन झाला नाही, बहुधा नॉकिंगचे हातोडे बसले. करडे, खड्डे पडल्यासारखे डाग असतील तर गंज. ऑइलमध्ये कूलंट उतरतोय का, हे तेव्हा बघावं लागतं.

रॉडच्या शेलमध्ये कोणती बाजू खराब झाली यालाही अर्थ आहे. स्फोटाचा दाब पिस्टनला खाली ढकलतो, म्हणून तो रॉडच्या बाजूच्या शेलवर येतो. हाय आरपीएमला पिस्टन वरच्या टोकाला जाऊन थांबतो आणि मागे वळतो, तेव्हाचा ओढा कॅपच्या बाजूच्या शेलवर येतो. म्हणजे फक्त रॉडच्या बाजूचे शेल झिजले असतील तर संशय बूस्ट, ट्यूनिंग, नॉकिंग यांवर. फक्त कॅपच्या बाजूचे गेले असतील तर चुकीचा गिअर पडून आरपीएम फार वर गेल्याची चौकशी करावी.

रॉडच्या बाजूचा आणि कॅपच्या बाजूचा अशा दोन शेलच्या तिरप्या समोरासमोरच्या कडा झिजल्या असतील तर रॉड वाकलेला असू शकतो. जिथे दोन शेल जुळतात त्या सांध्याजवळच झीज असेल तर कॅप सरकलेली किंवा भोक गोल राहिलेलं नाही. शेलच्या पाठीवर एक ठिपका आणि बरोबर त्याच्या समोर आतून एक झिजलेली जागा दिसली, तर बसवताना मागे कचरा राहिला होता. हातरुमालाचा एक धागासुद्धा पुरतो.

शेवटचा प्रश्न: सगळी बेअरिंग गेली की एकच? सगळी सारखी झिजली असतील तर कारण सगळ्यांना समान असलेलं: ऑइल, पंप, दाब. दोन्ही वेळा एकाच सिलिंडरचं गेलं असेल तर त्या सिलिंडरचा रॉड, त्या ठिकाणचा क्रँक, त्याकडे जाणारं ऑइलचं छिद्र आणि त्याच सिलिंडरचा इंजेक्टर तपासावा. इंजेक्टर कमी इंधन देत असेल तर नॉकिंग फक्त तिथेच होतं.

पहिल्या बिघाडाचा कीस दुसरं इंजिन खातो

वारंवार जाणाऱ्या बेअरिंगमागचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण हेच. बेअरिंग फाटतं तेव्हा त्याचा कीस ऑइलबरोबर सगळीकडे फिरतो. फिल्टर तुंबला किंवा ऑइल थंड आणि घट्ट असलं की फिल्टरमधला बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑइल पुढे जातं. मग कीस जाऊन बसतो क्रँकच्या आतल्या तिरप्या छिद्रांत, ऑइल पंपात, टर्बोच्या नळीत, व्हॉल्व्ह टायमिंगच्या सोलेनॉइडमध्ये आणि ऑइल कूलरमध्ये. क्रँक वरून डिझेलने धुतला, हवा मारली, म्हणजे साफ झाला असं होत नाही. छिद्रांना बूच असतील तर ते काढून आतून ब्रश फिरवावा लागतो. ऑइल कूलरच्या आतल्या बारीक वाटा तर खात्रीने साफ होतच नाहीत, त्यामुळे बेअरिंग फाटलेल्या इंजिनावर जुना कूलर परत लावणं म्हणजे पुढच्या बिघाडाची तयारी. कूलरचे पैसे वाचवण्याच्या नादात किती इंजिनं पुन्हा उतरली असतील, याची कल्पना करावी.

कीस किती महागात पडतो, याचं मोठं उदाहरण ह्युंदाईचं. सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने अमेरिकेत २०११ आणि २०१२ मॉडेलच्या सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या. त्यांत २.४ लिटर आणि २.० लिटर टर्बो अशी दोन इंजिनं होती. कारखान्यात क्रँकचं मशीनिंग करताना राहिलेला धातूचा कीस ऑइलच्या वाटेत अडकून रॉड बेअरिंगला ऑइल कमी पडत होतं. २०१७ मध्ये ह्युंदाई आणि किया मिळून आणखी सुमारे १२ लाख गाड्यांचा रिकॉल झाला. रिकॉलला उशीर केल्याच्या प्रकरणात २०२० मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या समझोत्यात दोन्ही कंपन्यांच्या दंडाची एकूण रक्कम २१ कोटी डॉलर ठरली. कंपनीने नॉक सेन्सरच्या मदतीने बेअरिंगच्या सुरुवातीच्या कंपनांवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर गाड्यांत घातलं. धोका जाणवला की दिवा लागतो आणि गाडी आपोआप कमी ताकदीवर जाते.

ऑइल आहे, पण पोचत नाही

डिपस्टिकवर पातळी बरोबर असूनही बेअरिंग कोरडं पडू शकतं. चेंबरच्या तळाशी ऑइल ओढणारी एक नळी असते, तिच्या तोंडाला जाळी असते. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर चेंबर घासून आत दबला, तर तळ आणि जाळी यांतलं अंतर कमी होतं. बाहेरून गळती नाही, म्हणून कुणी लक्ष देत नाही. चेंबर बसवताना सिलिकॉन सढळ हाताने लावलं तर त्याचे धागे सुटून जाळीवर बसतात. नळीला चीर पडली किंवा तिचा ओ-रिंग कडक झाला तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. पातळी फार वर असेल तर क्रँक ऑइल घुसळून फेस करतो, आणि फेसाची पाचर भार पेलत नाही. चिकट टायर लावून घाटात किंवा ट्रॅकवर लांब वळण वेगात घेतलं, की ऑइल एका बाजूला जातं आणि काही क्षण जाळी उघडी पडते.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नये. बहुतेक गाड्यांत तो दाब अगदी संपत आल्यावरच लागतो. खरा प्रेशर गेज जोडून, ऑइल पूर्ण गरम असताना मोजावं. दर हजार आरपीएमला १० पीएसआय, हा ठोकताळा बराच वापरला जातो. पण आधी त्या इंजिनाचा कंपनीने दिलेला आकडा बघावा. वळणात दाब पडतो का, हे दाबाची नोंद ठेवणाऱ्या लॉगरशिवाय कळत नाही.

मोजलं की अंदाजाने बसवलं?

क्रँक घासून ०.२५ मिलिमीटर अंडरसाइज बेअरिंग टाकणं नेहमीचंच काम. पण अनेक क्रँकवर नायट्रायडिंगचा पातळ कडक थर असतो. तो घासून गेला आणि पुन्हा दिला नाही, तर क्रँक लवकर झिजतो. रॉडचे बोल्ट बदलून जास्त ताकदीचे लावले तर त्यांच्या वेगळ्या ताणाने बिग एंडचं भोक अंडाकृती होऊ शकतं. म्हणून नवे बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळून, भोक मोजून, गरज पडल्यास ते पुन्हा गोल करून घ्यावं लागतं. मायक्रोमीटर आणि बोअर गेजने प्रत्येक जागेचा आकडा कागदावर लिहून देणारी मशीन शॉप निवडावी. 'हाताला बरोबर लागतंय' हे मोजमाप नाही.

ट्यूनिंग आणि पेट्रोल

इंटरनेटवरून अमेरिकन '९१ ऑक्टेन' मॅप आणून टाकणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. अमेरिकेत पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात. तिथलं ९१ म्हणजे आपल्या मोजणीत साधारण ९५-९६. आपल्याकडचं ९१ ऑक्टेन हे तिथल्या साधारण ८७ च्या जवळ जातं. आकडा सारखा दिसला म्हणून तो मॅप ९१ च्या पेट्रोलवर चालवला तर नॉकिंग ठरलेलं.

दुसरी छुपी गोष्ट म्हणजे ऑइलमध्ये उतरणारं इंधन. डायरेक्ट इंजेक्शनची टर्बो पेट्रोल गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालली तर ऑइल पुरेसं तापत नाही आणि त्यात पेट्रोल साचत जातं. बीएस६ डिझेलमध्ये डीपीएफची सफाई अर्धवट राहिली की डिझेल ऑइलमध्ये येतं. ऑइल पातळ होतं आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. मालक खूश, गाडी ऑइल खात नाही म्हणून! लॅबमधल्या ऑइल तपासणीत इंधनाचं प्रमाण, तांबं, शिसं, कथील आणि कूलंटचा अंश हे सगळं कळतं.

पुन्हा सुरू करताना

नव्याने बांधलेलं इंजिन थेट चावी मारून सुरू केलं तर पहिले काही सेकंद बेअरिंग कोरडीच फिरतात. इंधन आणि स्पार्क बंद ठेवून, गेजवर दाब दिसेपर्यंत स्टार्टरने फिरवावं. पहिलं ऑइल आणि फिल्टर पहिल्या काही तासांतच बदलावं, आणि तो फिल्टर कापून कागद उघडून उन्हात बघावा. पहिल्या फिल्टरमध्ये थोडी भुकटी दिसतेच. लोहचुंबकाला न चिकटणारे सोनेरी किंवा तांबूस पापुद्रे दिसले, तर आवाज येण्याची वाट न बघता गाडी तिथेच उभी करून चेंबर खोलावा.